मुख्य दाराला रंग देताय? आधी जुना रंग ओळखा

गणपती गेले, पितृपक्ष सरत आला की घराकडे बघायची आपली नजर बदलते. वर्षभर न दिसलेले डाग दिसायला लागतात. सगळं घर रंगवायचं म्हटलं तर खर्च आणि पसारा दोन्ही अंगावर येतात. मग तडजोड ठरते, ‘निदान मुख्य दार तरी करून घेऊ.’ दार म्हणजे जेमतेम सात फूट बाय तीन फूट. एका रविवारचं काम. दुकानातून चॉकलेटी ऑइलपेंटचा डबा आणायचा, दोन हात मारायचे आणि दसऱ्याला त्यावर झेंडूचं तोरण लावायचं.

दिवाळीपर्यंत ते दार छान दिसतंही. पुढच्या पावसाळ्यात मात्र कडीच्या आसपास रंग सुटतो, खालच्या कडेला पोपडे धरतात आणि नख लावलं तर केळ्याच्या सालीसारखी पट्टी निघून येते. दोष डब्याला दिला जातो. बहुतेक वेळा डबा निर्दोष असतो. त्याच्या खाली काय होतं, हे कुणी पाहिलेलंच नसतं.

दुकानदार पहिला प्रश्न विचारतो, ‘कोणता कलर?’ तुमच्यासाठी मात्र तो शेवटचा प्रश्न असू द्या. आत्ता दारावर काय आहे, ते घट्ट आहे की सुटलंय आणि किती जुनं आहे, हे आधी घरीच तपासा. यातला तिसरा प्रश्न तर फक्त रंग टिकण्यापुरता नाही. घरात रांगणारं मूल असेल, तर तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे.

स्पिरिटचा बोळा आणि चिकटपट्टी

मेडिकलमधून सर्जिकल स्पिरिटची छोटी बाटली आणा. दाराच्या एखाद्या न दिसणाऱ्या कोपऱ्यात, म्हणजे बिजागरीजवळ, साबणाच्या पाण्याने बोटभर जागा स्वच्छ पुसून कोरडी करा. स्पिरिटमध्ये भिजवलेला कापूस तिथे जरा जोर लावून घासा. कापसाला रंग लागला आणि पृष्ठभाग चिकट झाला, तर तो पाण्यात कालवलेला रंग आहे. काहीच झालं नाही, तर तो बहुधा जुना ऑइलपेंट आहे. दार रंगवलेलं नसून पॉलिशचं असेल, तरी हीच चाचणी उपयोगी पडते. स्पिरिटने विरघळलं तर लाखेचं जुनं पॉलिश. स्पिरिटला दाद दिली नाही, पण रंगाच्या दुकानातल्या थिनरने मऊ पडलं, तर लॅकर. दोन्हींना दाद देत नसेल, तर मेलामाइन किंवा पीयू असण्याची शक्यता जास्त.

दुसरी चाचणी अजून सोपी. ब्लेडने जुन्या रंगावर फुलीसारख्या दोन रेघा ओढा, त्यावर पारदर्शक चिकटपट्टी घट्ट दाबून बसवा आणि एका झटक्यात ओढा. पट्टीला रंगाचे तुकडे चिकटून आले, तर जुना थर लाकूड सोडतोय. त्यावर कितीही महागडा रंग लावा, तो त्या सुटलेल्या थरासकट पडणार. पट्टी स्वच्छ निघाली, तर जुना रंग उत्तम पाया आहे. तो काढू नका. ‘सगळं खरवडून नवीन करू’ असं सांगणारे रंगारी मेहनती असतात, पण घट्ट बसलेला थर काढण्यात पैसे, वेळ आणि कधीकधी आरोग्यही वाया जातं. दोन-चार ठिकाणी ही चाचणी करा. विशेषतः कुलपाभोवती, जिथे रोज हात लागतो, आणि सगळ्यात खालच्या वीतभर भागात, जिथे फरशी पुसताना पाणी लागतं.

आता तुमचं दार नक्की कशाचं आहे, तेही बघा. फ्लॅटमधली बरीच दारं फ्लश डोअर असतात, म्हणजे आत लाकडी पट्ट्यांचा सांगाडा किंवा भराव आणि दोन्ही बाजूंनी प्लाय. त्यावर कधी सागाचं पातळ व्हिनिअर असतं, कधी सनमायका. व्हिनिअर कागदासारखं पातळ असतं, जोरात घासलं तर खालचा प्लाय दिसतो आणि मग रंगाशिवाय उपाय उरत नाही. सनमायकावर रंग धरत नाही. खास चिकटणारं प्रायमर लावून रंगवता येतं, पण कुलपाजवळ ते फार दिवस टिकलेलं मी पाहिलेलं नाही. त्यापेक्षा सुताराकडून नवा सनमायका लावून घ्या.

आणि दार भरीव सागाचं असेल, कोकणातल्या किंवा गोव्यातल्या घराचं फणसाचं असेल, इंदूर-बडोद्याकडच्या एखाद्या जुन्या घरातलं जाड फळ्यांचं असेल, तर रंगाचा डबा जरा बाजूला ठेवा. अशा लाकडावर पहिल्यांदा ऑइलपेंट मारणं सोपं असतं. ते काढून पुन्हा लाकूड दिसायला लागेपर्यंत मात्र आठवडा जातो. ज्यावर आजवर कधीच रंग लागलेला नाही, त्यावर तुम्ही पहिला हात मारू नका. त्याला पॉलिशच करा.

जुन्या रंगातलं शिसं

१ नोव्हेंबर २०१७पासून आपल्या देशात घरगुती आणि सजावटीच्या रंगांमध्ये शिशाचं प्रमाण ९० पीपीएमपेक्षा, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त नसावं, असा नियम लागू आहे. डब्यावर तसं छापलेलंही असतं. याचा दुसरा अर्थ असा, की त्याआधी रंगवलेल्या दारावर, त्यातही ऑइलपेंट असलेल्या दारावर, शिसं असू शकतं. पिवळा, केशरी, लाल, हिरवा अशा भडक छटांत ते रंगद्रव्य म्हणून येत असे आणि रंग लवकर वाळावा म्हणूनही घातलं जात असे. लोखंडी जाळीच्या सेफ्टी डोअरवर जुन्या काळी जो शेंदरी प्रायमर मारत, त्यातला खरा शेंदूर म्हणजे शिशाचंच ऑक्साइड.

असा रंग दारावर शांत बसलेला असतो, तोवर त्रास नसतो. त्रास सुरू होतो तो कोरड्या पॉलिश पेपरने घासल्यावर. पिठासारखी धूळ उडते, उंबऱ्यावर, पायपुसण्यावर, चपलांच्या स्टँडवर बसते. रांगणारं मूल तिथेच हात टेकतं आणि तोच हात तोंडात घालतं. शिशाचा परिणाम लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर आणि शिकण्याच्या क्षमतेवर होतो आणि त्याची कोणतीही मात्रा सुरक्षित मानली जात नाही. गरोदर बाईच्या शरीरातून ते बाळापर्यंतही पोचतं. चवीला, वासाला काही कळत नाही. म्हणून घरातल्या दाराचा रंग २०१७च्या आधीचा असेल किंवा कधीचा आहे हेच माहीत नसेल, तर त्यात शिसं आहे असं धरूनच चाला.

म्हणजे काय करायचं? घासायचं, पण ओलं करून. रंगाच्या दुकानात काळा ‘वॉटर पेपर’ मिळतो. तो पाण्यात भिजवून, दारावर स्पंजने पाणी लावत घासायचं. धूळ उडत नाही, तिचा चिखल होतो आणि तो ओल्या फडक्याने पुसून घेता येतो. दाराखाली जाड प्लास्टिक पसरा आणि कडा भिंतीला चिकटपट्टीने लावा. घासणाऱ्याने एन-९५ मास्क लावावा. साधा कापडी रुमाल पुरत नाही. मुलं आणि गरोदर बाई त्या दिवशी आजीकडे किंवा शेजारी असलेली बरी. काम संपल्यावर केरसुणी फिरवू नका, घरातला साधा व्हॅक्युमही नको, दोन्हींनी बारीक धूळ पुन्हा हवेत जाते. फरशी दोन वेळा ओली पुसा, दुसऱ्या वेळी पाणी बदला. प्लास्टिक गुंडाळून पिशवीत बांधून टाका. घासलेलं पाणी दाराजवळच्या तुळशीत किंवा कुंडीत अजिबात ओतू नका. ते कपडे वेगळे धुवा.

जुना रंग दिव्याच्या ज्योतीने जाळून काढायची एक पद्धत आहे. काम झटपट होतं, म्हणून अजूनही ती दिसते. तिला सरळ नाही म्हणा. शिशाची वाफ धुळीपेक्षा वाईट. रंग पूर्ण काढायचाच असेल, तर उघड्या हवेत, रबरी हातमोजे घालून पेंट रिमूव्हर वापरावा. बंद जिन्यात त्याचा वास डोकं फिरवतो.

तुमच्याकडे असं घासकाम आधीच झालं असेल आणि घरात लहान मूल असेल, तर घाबरून जायचं कारण नाही. ओल्या फडक्याने दोन-तीन वेळा सगळं पुसून घ्या आणि मनात शंका राहिली, तर बालरोगतज्ज्ञांना रक्तातल्या शिशाच्या तपासणीबद्दल विचारा. साधी रक्ततपासणी असते.

रंगारी बाहेरचा असेल, तर त्याच्याशी बोलताना लाजू नका. ‘भाऊ, कोरडं घासायचं नाही, वॉटर पेपरने करा, आणि हा मास्क तुमच्यासाठी,’ एवढंच म्हणा. शिशाची सगळ्यात जास्त धूळ शेवटी त्याच्याच छातीत जाते. वर्षाचे बारा महिने तो हेच काम करतो.

दार रात्री बंद व्हायला हवं

मुख्य दाराची अडचण खिडकीला किंवा कपाटाला नसते. ते संध्याकाळी बंद करावं लागतं. रंग निवडताना हीच गोष्ट सगळ्यात आधी विचारात घ्या.

आपल्याकडे ज्याला सर्रास ऑइलपेंट म्हणतात तो सिंथेटिक इनॅमल. तो टर्पेंटाईनमध्ये पातळ होतो, हाताला वाळल्यासारखा वाटायला सहा ते आठ तास आणि पुढचा हात मारण्याआधी एक रात्र तरी घेतो. त्याचे गुण खरेच आहेत. ब्रशच्या रेघा तो स्वतःच बुजवतो, नवशिक्याला सांभाळून घेतो, जुन्या ऑइलपेंटवर चटकन बसतो आणि चमक भरपूर देतो. पण पांढरा किंवा क्रीम रंग असेल आणि दार अंधाऱ्या जिन्यात असेल, तर तो दोनेक वर्षांत पिवळट पडतो. उन्हात राहणाऱ्या दारावर तो कडक होत जातो, लाकूड फुगतं-आकसतं तसा तडकतो. वास दोन दिवस घरभर राहतो, तो वेगळाच.

दुसरा पर्याय पाण्यात पातळ होणारा इनॅमल. तासा-दोन तासांत हाताला लागत नाही, चार तासांनी दुसरा हात मारता येतो, वास फारसा नसतो, पांढरा रंग पांढराच राहतो आणि ब्रश नळाखाली धुता येतो. त्याला दोन अटी आहेत. चकचकीत जुन्या ऑइलपेंटवर तो तसाच मारला, तर धरत नाही. सुरुवातीला सांगितलेली केळ्याची साल निघते ती इथेच. वॉटर पेपरने चमक पूर्ण मारून, वर प्रायमरचं अस्तर देऊनच तो लावायचा. दुसरी अट संयमाची. हाताला वाळलेला दिसला, तरी तो पूर्ण कडक व्हायला दोन-तीन आठवडे घेतो. तोवर दार घट्ट लावून ठेवलं, की रंग चौकटीला चिकटतो आणि सकाळी उघडताना ‘चर्र’ करून कडेची पट्टी निघते. यावर उपाय साधा आहे. दाराच्या कडेला आणि चौकटीच्या खाचेत आठवडाभर चिमूटभर टाल्कम पावडर बोटाने लावत राहा.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना, घरात लहान मुलं किंवा दमेकरी माणूस असेल त्यांना, माझा कौल पाण्याच्या इनॅमलला. सकाळी आठला सुरुवात केली, तर रात्री दाराला कुलूप लागतं. बैठं घर असेल, मागचं दार असेल, दोन दिवस दार उघडं राहणं परवडत असेल आणि जुना थर ऑइलपेंटचा असेल, तर सिंथेटिक इनॅमल वापरायला हरकत नाही. दारावर थेट ऊन-पाऊस येत असेल, तर डब्यावर ‘बाहेरच्या वापरासाठी’ असं लिहिलेलं आहे का, हे पाहूनच घ्या, मग प्रकार कोणताही असो.

लाकूड दाखवायचं असेल, तर हाच नियम अधिक कडकपणे पाळा. मेलामाइन पॉलिश दिसायला देखणं, पण ते घराच्या आतल्या फर्निचरसाठी आहे. उन्हात ते तडकतं. बाहेरच्या दाराला बाहेरचा पीयू लागतो. तो महाग असतो आणि फवारणीने चांगला बसतो, त्यामुळे हे काम माहितगार माणसाकडूनच करून घ्यावं. स्वतःच्या हाताने करायचं असेल, तर उकळलेल्या जवसाच्या तेलाचे पातळ हात देणं सगळ्यात सोपं. दरवर्षी पुन्हा एक हात द्यावा लागतो, पण खरवडावं लागत नाही. फक्त एक धोका लक्षात ठेवा. हे तेल वाळताना उष्णता सोडतं. तेलाने भिजलेली फडकी बोळा करून कोपऱ्यात किंवा कचऱ्याच्या डब्यात टाकली, तर ती काडी न लावता आपोआप पेटू शकतात. ती उघड्यावर एकेक पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून मगच टाका.

रंगछटेबद्दल फार सांगणार नाही, तो तुमच्या घराचा प्रश्न आहे. एवढंच, की पश्चिमेच्या उन्हात असलेल्या दाराला काळा किंवा गडद निळा देऊ नका. ते इतकं तापतं, की फळी वाकते आणि लाकडातला चीक वर येतो. पूर्ण चमकदार रंग प्रत्येक खड्डा दाखवतो, मध्यम चमक, ज्याला सॅटिन म्हणतात, ती बरंच झाकते आणि पुसताही येते. आणि हो, सोसायटीत सगळ्या दारांचा बाहेरचा रंग एकच ठेवायचा ठराव आहे का, हे डबा फोडण्याआधी विचारून घ्या.

दिवाळीच का?

रंगकाम दसरा-दिवाळीला करायचं, ही सवय महाराष्ट्राच्या हवेतून आली आहे. मुंबई-पुण्याकडे पाऊस तेव्हा सरलेला असतो, हवा कोरडी व्हायला लागते. पण तुम्ही चेन्नईत राहत असाल, तर ऑक्टोबर ते डिसेंबर हाच तुमचा खरा पावसाळा. बेंगळुरूतही सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सगळ्यात जास्त पाऊस पडतो. तिथल्या मराठी घरांनी दिवाळीचा हट्ट सोडून जानेवारी-फेब्रुवारी धरावा आणि नवं दार गुढीपाडव्याला मिरवावं. दिल्ली, ग्वाल्हेरकडे दिवाळी उत्तम, पण डिसेंबर-जानेवारीचं धुकं टाळा, थंडीत आणि दवात रंग वाळत नाही, निस्तेज पडतो. इंदूर, नागपूर, बडोद्याला ऑक्टोबरचा मध्य झकास. कोलकात्यात पूजा होऊन जाऊ द्या, हवा मोकळी झाली की सुरुवात करा.

फोनमधल्या हवामानाच्या ॲपवर आर्द्रतेचा आकडा असतो. तो ८५ टक्क्यांच्या वर असेल, तर डबा उघडू नका. भर उन्हात तापलेल्या दारावरही रंग नको, वरची साय लगेच धरते आणि ब्रशच्या रेघा तशाच राहतात. पूर्वेकडचं दार दुपारनंतर रंगवा, पश्चिमेकडचं सकाळी.

पावसाळ्यात दार चौकटीत अडकतं, म्हणून जुलैमध्येच सुताराला बोलावून रंधा मारून घेण्याची घाई करू नका. लाकूड तेव्हा फुगलेलं असतं. डिसेंबरात ते आकसतं आणि मग त्या फटीतून वारा, डास, पाल सगळं आत येतं. फार अडत असेल तेवढंच किंचित घासून घ्या, बाकीचं कोरड्या हवेत. ते फुगतं का, याचं कारण बहुतेक दारांच्या वरच्या आणि खालच्या कडेला सापडतं. तिथे रंगच नसतो. उभ्या दाराची खालची कड कुणाला दिसत नाही, म्हणून ती कोरी सोडली जाते आणि लाकूड तिथूनच पाणी पितं. छोटा आरसा दाराखाली सरकवून बघा. या वेळी दार बिजागऱ्यांतून काढणार असाल, तर त्या दोन कडांना अस्तर आणि रंगाचे दोन हात आधी द्या. काढणार नसाल, तर वरच्या कडेला स्टुलावर चढून आणि खालच्या कडेला जुन्या गालिच्याच्या तुकड्याला रंग लावून, तो दाराखालून ओढून. ही युक्ती ओबडधोबड आहे, पण चालते.

आता हात चालवा

कडी, कोयंडा, नेमप्लेट, पीपहोलची कडी काढता येईल ते काढा. स्क्रू एका वाटीत ठेवा. बिजागऱ्यांवर मास्किंग टेप लावा. शुभ-लाभचे स्टिकर, लक्ष्मीची पावलं, तोरणाच्या चिकटपट्टीचे डाग खोबरेल तेलाने सुटतात. पण मग ते तेल पूर्ण काढलंच पाहिजे, कारण तेलावर कुठलाच रंग धरत नाही. दाराची पूजा करताना लागलेलं तूप, दिव्याचा धूर, कुंकवाच्या स्वस्तिकाखालचं तेल, हे सगळं धुण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्याने पुसा, मग साध्या पाण्याने दोनदा आणि एक दिवस वाळू द्या. ही पायरी रंगारी हमखास गाळतात.

नंतर वॉटर पेपर. जुना रंग घट्ट असेल, तर १८० नंबरने फक्त चमक मारा. पोपडे असतील, तिथे पाणी मारत पट्टीने खरवडून १२० ने कडा उतरत्या करा. उघडं लाकूड दिसलं तिथे प्रायमरचा हात द्या आणि त्यानंतरच खड्ड्यांत लांबी भरा. आधी लांबी भरली, तर कोरं लाकूड तिच्यातलं तेल शोषून घेतं आणि ती भुसभुशीत होऊन पडते. भिंतीची उरलेली पांढरी पुट्टी लाकडात अजिबात भरू नका, सिमेंटची ती, लाकूड हललं की चिरते. लांबी वाळली की २२० ने घासा, पुसा आणि संपूर्ण दाराला अस्तराचा एक पातळ हात.

रंग दुकानातून आणताना एका बाजूसाठी अर्धा लिटर पुरतो, दोन्ही बाजू आणि चौकट मिळून एक लिटर धरा. डबा नीट ढवळा, तळाशी काडीने खरवडून. पातळ करायला डब्यावर लिहिलेलंच वापरा. ऑइलपेंटमध्ये रॉकेल घालायची जुनी खोड काही रंगाऱ्यांना आहे. त्याने रंग पसरतो भरपूर, पण वाळत नाही आणि चमक मरते. डबा आपल्यासमोर उघडायला सांगा.

चौकोनी पॅनेलचं दार असेल, तर आधी पॅनेल, मग मधल्या पट्ट्या, मग आडव्या आणि शेवटी दोन्ही बाजूंच्या उभ्या, ज्यांना हात टेकतो. ब्रश नेहमी लाकडाच्या रेषेत. सपाट फ्लश दाराला चार इंची फोमचा रोलर वापरा आणि वरून खाली एकाच दमात संपवा, मध्ये चहाला थांबलात तर तिथे जोड दिसतो. हात पातळ असावा. ओघळ येतो तो जास्त रंगामुळे, आणि पाच मिनिटांनी परत येऊन कोपरे तपासले, तर तो ब्रशच्या टोकाने उचलता येतो. अर्ध्या तासाने हात लावाल, तर बिघडवाल. दोन हातांच्या मध्ये ३२० च्या वॉटर पेपरने अगदी हलकं घासा आणि ओल्या फडक्याने पुसा. आतली बाजू आणि कडा पहिल्या दिवशी, बाहेरची दुसऱ्या दिवशी केली, तर रात्री दार लावण्याची कटकट निम्मी होते.

उंबरठा वेगळा धरा. त्यावर चमकदार रंग मारला, तर ओल्या पायाने घरातली म्हातारी माणसं घसरतात. तिथे बिनचमकेचा रंग किंवा नुसतं तेल बरं. हळदीचा डाग राहिला तर फार घासू नका, हळद उन्हात आपोआप फिकी पडते.

लोखंडी सेफ्टी डोअर असेल, तर गंज तारेच्या ब्रशने काढा, त्याच दिवशी धातूचं प्रायमर लावा, दुसऱ्या दिवसावर टाकलं तर रात्रीच्या दमट हवेत पुन्हा तांबूस होतं. तिथेही जुना रंग असेल, तर ओलं करून घासायचा नियम तोच, फक्त प्रायमरआधी लोखंड फडक्याने आणि उन्हाने पूर्ण कोरडं करून घ्या.

नेमप्लेट आणि कडी दुसऱ्या दिवशी बसवा. तोरण मात्र चिकटपट्टीने लावू नका, निदान तीन आठवडे तरी. चौकटीच्या वर भिंतीत दोन खिळे ठोकून दोऱ्याने बांधा. उरलेला रंग मोठ्या डब्यात सुकतो, तो जॅमच्या छोट्या बाटलीत काठोकाठ भरून झाकण घट्ट लावा आणि बाटलीवर कंपनी, शेड नंबर आणि तारीख लिहून ठेवा. फ्रीजची डिलिव्हरी आली, की दाराला पहिला ओरखडा पडतोच. तेव्हा ती बाटली लागेल.